वचन शेजाऱ्याला लागू

रविवारच्या उपासनेत पाळकसाहेब संदेश देत असताना त्यांच्याकडे बघू नये, मंडळीकडे बघावं. संदेश रागावर असला की तिसऱ्या बाकावरच्या बाई हळूच पाचव्या बाकावरच्या बाईंकडे बघतात. कंजूषपणावर असला की साऱ्या माना खिडकीजवळच्या एका गृहस्थांकडे वळतात, आणि ते गृहस्थ तेवढ्याच गांभीर्यानं पुढच्या बाकावरच्या आपल्या साडूकडे बघत असतात. चहाडीवर असला की कोणीच कोणाकडे बघत नाही, कारण प्रत्येकाला सगळ्यांकडेच बघायचं असतं. उपासना सुटली की दाराशी पाळकसाहेबांचा हात हातात घेऊन लोक म्हणतात, "आजचं वचन लय भारी होतं साहेब. ज्याले लागाचं त्याले लागलंच असन."

बायबल हा सहासष्ट पुस्तकांचा ग्रंथ सगळाच्या सगळा शेजाऱ्यासाठी लिहिलेला आहे, यावर आमच्या अकोटात पूर्ण एकमत आहे.

मोठ्या गोष्टींबद्दल आमची काहीच तक्रार नसते. तांबडा समुद्र दुभंगला? दुभंगला असेल. यरीहोचा तट नुसत्या कर्ण्यांच्या आणि आरोळ्यांच्या आवाजानं पडला? वरातीतला डीजे ऐकलेला माणूस यावर शंका घेत नाही. योना तीन दिवस माशाच्या पोटात होता? दिवाळीच्या गर्दीत अकोल्याहून अकोटला एसटीत उभ्यानं आलेल्याला त्यात अशक्य काही वाटत नाही. अडतं ते साध्या गोष्टींपाशी. समुद्र सरकला यावर आमचा विश्वास बसतो. शेताचा धुरा सरकवू नये यावर बसत नाही.

पूर्वी एक सबब तरी होती. बायबलातली मराठी जड आहे, पंडिती आहे, कळत नाही, असं म्हणता यायचं. पंडिता रमाबाईंनी ती सबबही ठेवली नाही. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सगळं बायबल साध्या मराठीत आणलं, जेमतेम अक्षरओळख असलेल्या बाईलाही वाचता यावं म्हणून. १९२२ साली त्या वारल्या आणि १९२४ साली ते बायबल छापून निघालं, तेही मुक्तीतल्याच बायकामुलींच्या हातून. म्हणजे 'मले समजलं नाही' म्हणायची सोय जाऊन शंभर वर्षं झाली. आता 'त्याले समजलं नाही' एवढंच म्हणता येतं, आणि तेच आम्ही म्हणतो.

तशी बायबलाची आणि वऱ्हाडाची ओळख जुनी. अलायन्स मिशनची अमेरिकन मंडळी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अकोल्याला आली. बिचारे मेहनतीनं मराठी शिकले, आणि मग खेड्यात जाऊन वऱ्हाडी ऐकली तेव्हा पुन्हा पहिलीत बसले असणार. पण दाखले समजावायला त्यांना फार कष्ट पडले नसावेत. पेरणारा, काटेरी झुडपं, खडकाळ जमीन, दुष्काळ, टोळ, सावकार, हिशेबात घोळ घालणारा कारभारी, भावाभावांतली वाटणी. यातलं काय समजावून सांगायचं? नावं तेवढी परकी. माणसं तहसील कचेरीबाहेर रोज भेटतात.

अडचण एकाच ठिकाणी आली असेल. तुम्ही पृथ्वीचं मीठ आहात, असं येशूनं डोंगरावरच्या प्रवचनात शिष्यांना सांगितलं. गालीलात हा मोठा गौरव असेल. अकोट तालुक्याचा दक्षिणेकडचा भाग पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात येतो. तिथं बोअर घेतला की खारं पाणी लागतं, चहा फाटतो, डाळ शिजत नाही. वान धरणाचं गोडं पाणी ८४ खेडी योजनेतून येईल म्हणून नळाकडे डोळे लावून बसायचं. अशा गावातल्या माणसाला 'तू मीठ आहेस' म्हटलं की तो म्हणतो, "थे तर हाओच जी. दुसरं काही होता येते काय?"

त्याच गावातल्या एका म्हाताऱ्यांना मात्र निर्गमच्या पुस्तकातली मारा इथली गोष्ट फार आवडली. इस्राएल लोक अरण्यात तीन दिवस चालून तिथं पोचले, पाणी कडू निघालं, लोक कुरकुरले, आणि मोशेनं देवानं दाखवलेलं एक झाड पाण्यात टाकलं तेव्हा ते गोड झालं. पाळकसाहेब यातून विश्वासाचा धडा काढत होते. म्हाताऱ्यांनी हात वर केला. "साहेब, झाड कोनतं होतं?" बायबलात झाडाचं नाव दिलेलं नाही. पाळकसाहेबांनी तसं सांगितलं. म्हाताऱ्यांनी मान हलवली. "कामाचं तेवढंच राह्यलं पाहा ल्याचं."

आता धुऱ्याकडे, म्हणजे शेताच्या बांधाकडे, येऊ. शेजाऱ्याच्या शेताची खूण सरकवणारा शापित असो, असं मोशेच्या नियमशास्त्रात आहे आणि लोकांनी त्यावर 'आमेन' म्हणायचं आहे. नीतिसूत्रांमध्येही तोच इशारा आहे. तीन हजार वर्षांपूर्वी ट्रॅक्टर नव्हता, मोजणीवाला नव्हता, सातबारा नव्हता, तरी माणूस धुरा कोरत होता हे वाचून आमच्या भागात कोणालाही आपलेपणा वाटेल. वऱ्हाडात धुरा चोरीला जात नाही, तो झिजतो. दर वर्षी नांगराचं एक तास आत. पुढच्या वर्षी आणखी एक. बाप जिवंत असताना ज्या धुऱ्यावरून बैलगाडी जायची, त्यावरून पोराच्या काळात सायकल जाते आणि नातवाच्या काळात मुंगूस. दोन्हीकडचे म्हणतात, "आमी नाही कोरला. तिकून कोरला." धुरा दोन्हीकडून बारीक झालेला असतो, म्हणजे दोघेही निम्मं खरं बोलत असतात. या वचनावर संदेश झाला तेव्हा आमच्या मंडळीतले दोन लगतचे शेतकरी एकाच वेळी मोठ्यानं 'आमेन' म्हणाले. एकमेकांसाठी.

कर्जाबद्दल तर बायबल असं बोलतं की वाटावं, मत्तय वऱ्हाडातच जकातीच्या नाक्यावर बसत होता. येशूनं शिकवलेल्या प्रार्थनेत मत्तयाच्या शुभवर्तमानाप्रमाणे आपण ऋणं सोडून द्या अशी विनंती करतो. कर्जमाफी मागणारी ही प्रार्थना आम्ही किती मनापासून म्हणत असू, याचा अंदाज ज्यांनी २०१७ ची दीड लाखापर्यंतची आणि २०१९ ची दोन लाखांपर्यंतची यादी डोळ्यांत तेल घालून तपासली त्यांना करता येईल. पण प्रार्थनेत एक अट आहे: जसं आम्ही आमच्या ऋणकोंना सोडलं आहे तसं. या अटीपाशी आवाज थोडा खाली येतो. सरकारी योजनेत आधार क्रमांक लागतो, पासबुक लागतं, अंगठा लागतो. पण तुमच्याकडून कोणी हातउसने नेले होते ते सोडलेत काय, असं एकाही फॉर्ममध्ये विचारत नाहीत. देवाच्या फॉर्ममध्ये तेवढाच एक रकाना आहे.

येशूनं त्यावर दाखलाही दिला. एका चाकराला राजानं दहा हजार तालान्त माफ केले, आणि तो बाहेर पडून शंभर दीनारांसाठी दुसऱ्या चाकराचा गळा धरू लागला. एक दीनार म्हणजे एका दिवसाची मजुरी, आणि एक तालान्त म्हणजे सहा हजार दीनार. हिशेब करा: माफ झाली सहा कोटी दिवसांची मजुरी, वसूल करत होता शंभर दिवसांची. आकडे ऐकून लोक हळहळतात, 'असा कसा नालायक मानूस' म्हणतात. आणि चर्चच्या फाटकाबाहेर पडल्यावर ज्याची बँकेची थकबाकी परवाच निल झाली तो मोटारसायकलला किक मारता मारता कोणाला तरी हाक देतो, "काबे, थे पाचशे रुपये कवा देतं?"

मागणाऱ्याला द्या, हे वचन अक्षरशः पाळणारा माणूस मराठी ख्रिस्ती समाजानं पाहिला आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशानं त्यांच्या हाती नवा करार दिला, १८९५ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि त्यांनी वाचलं ते खरोखरच करायला घेतलं. हातात पैसा आला की तो समोरच्याला द्यायचा. हे फार सुंदर आहे. पण 'स्मृतिचित्रे' वाचताना लक्षात येतं की टिळकांनी देऊन टाकल्यावर उद्याच्या स्वयंपाकाचा प्रश्न त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंपुढे उभा राही. बायबल प्रत्यक्षात आणायला घरात एक संत लागतो आणि त्या संताचा हिशेब सांभाळणारं दुसरं कोणी लागतं. संताची पुण्यतिथी होते. दुसऱ्यानं आत्मचरित्र लिहिलं, म्हणून निदान आपल्याला कळलं तरी.

साठवणुकीविषयीचं वचन अकोटसारख्या कापसाच्या पेठेत वाचायला धाडस लागतं. लूकच्या शुभवर्तमानात एक श्रीमंत शेतकरी आहे. पीक उदंड येतं. तो म्हणतो, जुनी कोठारं पाडतो, मोठी बांधतो, माल भरतो आणि मग माझ्या जिवाला सांगतो, आता खा, पी, मजा कर. त्याच रात्री देव त्याचा जीव परत मागतो. २०२२ साली कापूस दहा हजारांच्या पुढं गेला तेव्हा ज्यांनी आधीच विकला होता त्यांनी कपाळ बडवलं. पुढच्या हंगामात सगळ्यांनी शहाणपण केलं आणि कापूस घरात भरला. पुढच्या खोलीत कापूस, माजघरात कापूस, पाहुणा आला तर कापसावर. भाव वाढेल म्हणून आज थांबले, उद्या थांबले. भाव वाढला नाही, अंगाला खाज मात्र वाढली. उन्हाळ्याच्या तोंडाशी सात-साडेसात हजारांनं विकताना ओलावाही उडून वजन घटलेलं. बायबलातल्या त्या शेतकऱ्याचा एका रात्रीत निकाल लागला. आमच्यांना देवानं सहा महिने त्याच कापसावर झोपवलं. मूर्ख कोणाला म्हणावं, याबद्दल मात्र इथं मतभेद आहेत. आमचे लोक म्हणतात, त्या मानसाची चूक एवढीच की त्यानं कोठार बांधायला काढलं. घरातच भरला असता तर खर्च तरी वाचला असता.

शलमोन राजा बाजारातही हिंडत असावा. खराब आहे, खराब आहे, म्हणत गिऱ्हाईक भाव पाडतं आणि घरी जाऊन फुशारकी मारतं, असं त्यानं नीतिसूत्रांत लिहून ठेवलं आहे. अकोटात सतरंजी घ्यायला आलेला माणूस नेमका हाच प्रयोग करतो. "रंग जाते हिचा." "धागा कच्चा दिसते." "मागच्या साली तिकडं यापेक्षा सस्त भेटली होती." दुकानदारही नीतिसूत्रं न वाचता पाठ असलेला; तो सतरंजी गुंडाळून ठेवायला लागतो. मग दोघं एका आकड्यावर येतात. संध्याकाळी तीच सतरंजी अंगणात पसरून शेजाऱ्यांना दाखवली जाते: "पाहा, अस्सल अकोटी. अर्ध्या भावात आनली."

शेजाराविषयीचं शलमोनाचं ज्ञान तर थक्क करणारं. पहाटे उठून मोठ्या आवाजात शेजाऱ्याला आशीर्वाद दिला तर तो शाप समजला जाईल, असं त्यानं बजावलं आहे. मोबाइल नव्हता, कुटुंबाचा ग्रुप नव्हता, गुलाबाच्या फुलावर चढवलेलं वचन पहाटे साडेचारला पाठवणारे काका नव्हते, तरी त्याला हे ठाऊक होतं. आमच्या एका काकांना हेच नीतिसूत्र कोणीतरी दाखवलं. त्यांना ते इतकं आवडलं की दुसऱ्या दिवशी त्यांनी तेच फुलावर चढवून सगळ्यांना पाठवलं. पहाटे साडेचारला.

शेजाऱ्याच्या घरी फार वेळा पाय ठेवू नको, तो कंटाळून तुझा द्वेष करील, असंही शलमोन म्हणतो. इथं मात्र वऱ्हाड त्याच्याशी सहमत होत नाही. आमच्याकडे शेजारी आठ दिवस आला नाही तर लोक म्हणतात, "काऊन, आमचं काही चुकलं काय?" आणि रोज आला तर म्हणतात, "याले घरी काही काम नाही वाट्टे." यातून सुवर्णमध्य काढायला शलमोनाचंही शहाणपण पुरलं नसतं.

भांडखोर बायकोबरोबर मोठ्या घरात राहण्यापेक्षा गच्चीच्या कोपऱ्यात राहिलेलं बरं, हे त्याचं नीतिसूत्र बायबलात दोनदा आलं आहे. सातशे बायका केलेल्या माणसानं ही तक्रार करणं म्हणजे, पण ते असो. या सूत्रात भौगोलिक अडचण आहे. मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळिशीच्या पुढं जातो आणि भिंती रात्री बारापर्यंत भाजतात. अशा वेळी गच्चीचा कोपरा ही शिक्षा राहत नाही. ती घरातली सगळ्यात मोक्याची जागा होते. तिथं बायको, मुलं, सासू आणि आलेली नणंद आधीच अंथरुणं टाकून झोपलेली असतात. नवरा खाली कूलरमध्ये बादलीनं पाणी ओतत बसलेला असतो आणि शलमोनाला मनातल्या मनात पत्ता बदलून कळवत असतो.

विश्वास म्हणजे न दिसणाऱ्या गोष्टींची खात्री, अशी व्याख्या इब्री लोकांना लिहिलेल्या पत्रात आहे. ती शिकवायला अकोटच्या रेल्वे स्टेशनसारखी जागा नाही. एके काळी इथून मीनाक्षी एक्सप्रेस जायची. पुढं धुळघाटच्या फेऱ्यात इंजिनाला आपलेच मागचे डबे दिसायचे. २०१७ च्या जानेवारीत मीटरगेज बंद झाली. ब्रॉडगेजची गाडी अकोल्याहून अकोटपर्यंत यायला २०२२ चा नोव्हेंबर उजाडला. पुढं खंडव्याकडचा मार्ग मेळघाटच्या वाघांना त्रास नको म्हणून हिवरखेड, सोनाळा, जामोद असा वळसा घालून न्यायचं ठरलं. कोणी वैतागला तर आमचे पाळकसाहेब सांगतात की इस्राएल लोकांनाही मिसराबाहेर काढताना देवानं जवळचा रस्ता सोडून वळशानंच नेलं होतं. लोक विचारतात, "मंग किती वर्सं लागले त्याईले?" तिथं पाळकसाहेब प्रार्थनेला सुरुवात करतात.

दानधर्म करताना उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, ही आज्ञा कापणीच्या सणाला सुट्टीवर असते. त्या दिवशी मंडळी आपापल्या शेतातलं, परसातलं देवाला आणतात: तुरीच्या शेंगा, केळीचा घड, ज्वारीची कणसं, कोहळं, कोंबडा. उपासनेनंतर लिलाव होतो आणि पैसा चर्चच्या कामाला जातो. बाजारात दहा रुपयांच्या वांग्यासाठी जी माणसं पंधरा मिनिटं हुज्जत घालतात ती इथं एका लिंबाला तीनशे रुपये बोलतात. मायकवरून नाव पुकारलं जातं, वाढत जातं, व्याही व्याह्यावर चढतो. डाव्या हाताला काही कळत नाही हे खरं, कारण तो वर करून बोली लावण्यात गुंतलेला असतो. पण खरं सांगू? त्या लिंबाचं सरबत तो माणूस घरी जाऊन सगळ्यांना पाजतो आणि छपराचे पत्रेही त्याच पैशातून बदलले जातात. देवाला वऱ्हाडी माणसाची ऐट माहीत असावी आणि तिच्यातून पत्रे कसे काढायचे तेही.

सगळ्यात अवघड वचन मी शेवटी ठेवलं आहे, कारण ते वेचणीच्या दिवसांत येतं. मत्तयाच्या विसाव्या अध्यायात एक मळेवाला आहे. तो पहाटे बाजारात जाऊन मजूर ठरवतो, एक दीनार रोज. मग नऊ वाजता आणखी आणतो, दुपारी बाराला, तीनला, आणि पाच वाजताही चौकात काही जण उभे दिसतात त्यांनाही आणतो. संध्याकाळी सगळ्यांना सारखाच एक दीनार देतो, आणि वाटायला सुरुवात करतो ती शेवटी आलेल्यांपासून. पहाटेचे लोक चिडतात. यावर मी पुष्कळ टीका वाचल्या आहेत. सगळ्या कृपेवर आहेत, मजुरीवर एकही नाही. आमच्या वावरात कापूस वेचायला बायका येतात, रोजानं नाही, वजनावर: मी सांगतो त्या वर्षी किलोमागे आठ-दहा रुपये होते. संध्याकाळी काटा लागतो आणि प्रत्येकीची नजर काट्यावर असते. काटा लावता लावता एकदा हा दाखला मी त्यांना सांगितला.

पन्नाशीच्या एक मावशी गाठोड्यावर बसून ऐकत होत्या. त्यांचं चर्चशी काही नातं नाही, त्या शेगावच्या वारीला जातात. गोष्ट संपली तशा म्हणाल्या, "त्या मयावाल्याले म्हना, उद्या सकायी सहाले तुह्या मयात कुत्रंही येनार नाही. समदे पाचलेच येतीन. सांजच्या पाचले."

बाकीच्या हसल्या. मीही हसलो. दोन हजार वर्षांच्या टीकाकारांना जे सुचलं नाही ते मावशींनी एका दमात सांगितलं होतं.

मग त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि विचारलं, "अन् थे पाच वाजेलोक चौकात काऊन उभे होते?"

दाखल्यात त्याचं उत्तर आहे. कोणी कामाला लावलं नाही म्हणून.

"मंग बरोबरच हाय त्याचं," मावशी म्हणाल्या. "दिवसभर वावरात वाकनं सोपं हाय भाऊ. दिवसभर चौकात उभं राहून कोनी बलावते काय म्हून पाहनं, थे मोठं कठीन. अन् घरी पोट्टे तर तेवढेच जेवतात. त्याईचं पोट काही तासावर चालत नाही."

पाळकसाहेबांचा कृपेवरचा संदेश मी अनेकदा ऐकला आहे. तो इतक्या थोडक्यात आणि इतका भरलेला कधीच नव्हता. मी तसं मावशींना म्हणालो. त्यांनी स्तुती मनावर घेतली नाही, काट्यावरचा आकडा नीट बघून घेतला.

पुढच्या वेचणीच्या आदल्या दिवशी त्या घरी आल्या. दारातच उभ्या राहिल्या. चहा नको म्हणाल्या. किलोमागे दोन रुपये वाढवून पाहिजेत, म्हणाल्या. मी औषधाचा खर्च सांगितला, बोंडअळी सांगितली, पडलेला भाव सांगितला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मग म्हणाल्या, "भाऊ, त्या मयावाल्यानं असा हिशेब केला होता काय?"